एकही शब्द खोटा नाही

फॉर्मच्या वरच्या बाजूला एक चौकोन असतो: 'आमच्याकडे कसे आलात?' त्यात लोक काहीबाही लिहितात. पाटी पाहून. शेजाऱ्यांनी सांगितलं. एका आजोबांनी तर 'चालत' असं लिहिलं होतं, आणि त्यावर दवाखाना दोन दिवस हसत होता. मंगळवारी सकाळी सव्वादहाच्या सुमाराला धाकटीच्या हातात जो फॉर्म आला त्याच्या चौकोनात लिहिलं होतं, 'आमची धाकटी जाऊ इथेच कामाला आहे. घरचंच माणूस.' 'घरचंच'खाली रेघ मारलेली होती. नाव वाचायची गरजच पडली नाही. ते उजवीकडे कललेलं, वेलांट्या लांबवर ओढलेलं अक्षर तिने सात वर्षं स्वयंपाकघराच्या भिंतीवर रोज वाचलं होतं: आज हे करायचं, उद्या ते आणायचं, दूधवाल्याला अमुक सांगायचं. फॉर्मच्या दुसऱ्या पानावर 'मधुमेह आहे का?' या प्रश्नापुढे 'हो'ला खूण होती. तिने फॉर्म टेबलावर पालथा घातला, ग्लासातलं पाणी संपवलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपल्याला आनंद झाला आहे. भीती नाही, संकोच नाही, चक्क आनंद. पोटातून वर चढत गेलेला, कानाच्या पाळ्या गरम करणारा. असला आनंद आपल्याला होऊ शकतो हे तिला आजवर माहीत नव्हतं, आणि आता कळल्यावर त्याची लाजही वाटत नव्हती.

दवाखान्यात तिला माहितीबाई म्हणत. डॉक्टरांचे हात कायम कुणाच्या तरी तोंडात, त्यामुळे त्यांना बोलायला सवड नसे. ते दाढ बघत, एक्स-रे काढत, 'रूट कनाल करावं लागेल, बाई सगळं समजावतील' एवढं म्हणून पुढच्या खुर्चीकडे वळत. मग माणूस गालाला हात लावून तिच्या खोलीत येई. खोली कसली, बाहेरची बाकं आणि डॉक्टरांची खुर्ची यांच्यामध्ये पार्टिशन घालून काढलेली जागा: दोन खुर्च्या, टेबल, मधोमध कापलेली प्लास्टिकची भलीमोठी दाढ, आणि एक्स-रे धरून बघायला भिंतीवर एक चौकोनी दिवा. नऊ वर्षं ती तिथे बसून तेच ते सांगत आली होती. पण तेच ते असलं तरी कसंतरी उरकलेलं नव्हे. दुखणाऱ्या माणसाच्या डोक्यात एका वेळी दहाबारा शब्दच शिरतात, हे तिला पहिल्याच महिन्यात कळलं होतं, आणि त्या मापाने तिने सगळं बोलणं स्वतः बसवलं होतं. दाढ म्हणजे नुसतं हाड नव्हे, आत पोकळी असते. त्या पोकळीत नस असते. कीड तिथवर गेली की नस सुजते, आणि सुजायला आत जागा नसते, म्हणून ठणका. भूल दिल्यावर दाब जाणवतो, दुखत नाही. सुजलेली नस काढायची, मुळांमधल्या नळ्या बारीक कानशींनी साफ करायच्या, भरून बंद करायच्या. भूल उतरेपर्यंत काही खाऊ नका, नाहीतर स्वतःचाच गाल चावला जातो आणि कळतही नाही. शेवटी कॅप बसवायची, ती टाळू नका, कारण नस काढलेली दाढ ठिसूळ होते. दोन किंवा तीन बैठका. एक बैठक साधारण पाऊण तासाची. या वाक्यापाशी तिची जीभ दर वेळी किंचित अडखळे, आणि समोरच्याला वाटे की बाई श्वास घ्यायला थांबल्या.

चौदा वर्षांपूर्वी दोघे भाऊ एकाच घरात राहत होते. दोन खोल्या थोरल्यांच्या, एक धाकट्यांची, स्वयंपाकघर आणि फोन सामाईक. सामाईक म्हणजे फोन थोरलीच्या दाराशी, आणि स्वयंपाकघरात हुकूम थोरलीचा. त्या दिवशी थोरल्या दिरांचे साहेब सहकुटुंब जेवायला यायचे होते. दिरांची बढती दोन वर्षं अडून राहिली होती, ती या जेवणाने सुटणार, असं घरातल्या सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. बारा माणसांचं जेवण, सकाळी सहापासून शेगडी पेटलेली. धाकटी कांदा चिरत होती तेव्हा फोन वाजला. अकरा वाजून दहा मिनिटं. फोनची घंटा तिने स्वतः ऐकली होती. दंडाने डोळे पुसत तिने विचारलंही होतं, 'कुणाचा हो?' थोरली स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, म्हणाली, 'काही नाही, असंच,' आणि मग पुढे होऊन तिने धाकटीच्या हातातली सुरी काढून घेतली. 'तू बस जरा. मी चिरते. पाणी पी.' पाच वर्षांत थोरलीने तिला 'बस' म्हटलं ते पहिल्यांदा. धाकटीला भरून आलं होतं. शेगडीपाशी पाट टेकवून ती बसली होती, पाणी प्याली होती, आणि मनातल्या मनात म्हणाली होती, तोंडाने फटकळ आहे पण आतून चांगली आहे बाई. त्या वाक्याची तिला पुढे जेवढी शिसारी आली तेवढी आयुष्यात कशाची आली नाही. थोरलीने त्या दिवशी तिच्या मुस्काटात मारली असती तरी परवडलं असतं.

साहेब जेवले. साहेबांच्या बायकोने दोनदा मागून घेतलं, आणि थोरली सगळ्यांसमोर म्हणाली, 'आमच्या धाकटीच्या हाताला चव आहे हो.' भांडी झाली, ओटा पुसून झाला. साडेचार वाजता थोरलीने तिला खोलीत बोलावलं, दार लोटलं आणि सांगितलं की सकाळी तुझ्या भावाचा फोन होता, आईला दवाखान्यात ठेवलंय, जरा जास्त आहे, ये म्हणत होता. 'तुला उगाच घाबरवायला नको म्हटलं. जेवणं होऊन जाऊ देत, मग सांगू.' पावणेबाराला बस होती. रस्ता साडेतीन तासांचा. सव्वातीनला ती पोचली असती. आई चारला गेली. हे गणित तिने इतक्या वेळा मांडलं होतं की आता ते मांडावंही लागत नसे, नळ सोडताना, जिना चढताना, लिफ्टची वाट बघताना ते आपोआप होऊन जाई: सव्वातीन ते चार. भाऊ सांगत होता, आई शेवटपर्यंत शुद्धीवर होती. दार वाजलं की विचारायची, आली का. नर्स आत आली की आली का, वॉर्डबॉय आला की आली का. पाऊण तास धाकटीला तिचा हात धरून बसता आलं असतं, आणि त्या पाऊण तासात ती इथे बारा ताटं घासत होती. दिरांना बढती मिळाली, पुढच्याच महिन्यात. थोरलीने तो विषय पुन्हा कधी काढला नाही. चुकलं म्हणायचं तर नावच नको. दोन वर्षांनी बिऱ्हाडं वेगळी झाली, येणंजाणं राहिलं, एकमेकींच्या आजारपणात डबे पोचवले गेले. धाकटी मनात काही ठेवत नाही, असं सासरी सगळे म्हणत. तिच्या नवऱ्यालाही तसंच वाटे. मनात ठेवलेली वस्तू बाहेरून दिसत नाही, एवढी साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात येत नव्हती.

आणि आता थोरली दारात उभी होती, डावा गाल तळहाताने धरून. केस पिकले होते, खांदे उतरले होते, पण खुर्चीत बसायची पद्धत तीच, खुर्ची आपल्या बापाची असल्यासारखी. 'तूच आहेस म्हटल्यावर मला कसली काळजी,' ती म्हणाली. चार दिवस डोळ्याला डोळा नव्हता. गरम घोट घेतला की कानापर्यंत कळ जात होती. डॉक्टर रूट कनाल म्हणाले. 'मला यातलं काही कळत नाही बाई. तू म्हणशील तसं.' तू म्हणशील तसं. या माणसाने हे शब्द आपल्याला उद्देशून म्हटल्याचं धाकटीला आठवेना. तिने दिवा लावला आणि एक्स-रे वर धरला. काही ठरवलं होतं असं नाही. तोंड उघडेपर्यंत तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं की आपण काय करणार आहोत.

'वहिनी, मी तुमच्यापासून काही लपवणार नाही,' ती म्हणाली. आवाज रोजचाच होता, मऊ, थोडा पुढे झुकलेला.

'सांग ना.'

'भुलेचं इंजेक्शन जबड्यात मागच्या बाजूला देतात. तिथून मोठी नस जाते. तिला धक्का लागला तर ओठ बधिर राहतो.'

'किती वेळ?'

'सांगता येत नाही. काहींचा महिनोन् महिने.'

रोज ती इथे म्हणे, पण हे हजारांत एखाद्याला, तुम्ही मनात आणू नका. आज ती थांबली. पलीकडून डॉक्टरांच्या यंत्राचा बारीक आवाज येत होता, आणि तो थोरलीच्या कानांत पुरता शिरेपर्यंत धाकटी गप्प बसून राहिली. मग म्हणाली, 'कानशी केसाएवढ्या बारीक असतात. नळी वाकडी असली की आत तुटतात. ही तुमची मागची नळी बघा.' थोरलीने मान उंचावून पाहिलं. नळी वाकडी होती. मागच्या दाढेची नळी कुणाची सरळ असते, पण ते थोरलीने विचारलं नाही. तिने विचारलं, 'तुटली तर?' धाकटी म्हणाली, 'कधी निघते. कधी आतच राहते.' 'कायमची?' 'हो.' थोरलीने गालावरचा हात काढून मांडीवर ठेवला, पुन्हा गालावर नेला. 'आणि इतकं करून दाढ वाचेलच असं नाही. फुटली तर काढावी लागते. त्यात तुम्हाला साखर. जखम भरायला वेळ लागतो, हे मी तुम्हाला काय सांगणार.' एकही शब्द खोटा नव्हता. डॉक्टर पार्टिशनला कान लावून उभे असते तरी त्यांना खोडायला काही सापडलं नसतं. रोजच्या बोलण्यातले दहापंधरा शब्द तेवढे तिने गाळले होते: क्वचित, सहसा, फार थोड्यांना, घाबरू नका. आणि शेवटचा तुकडा, जो ती एरवी घशाला कोरड पडली तरी सोडत नसे. हे सगळं नाही केलं तर काय होतं, तो.

'विचार करते मी,' थोरली म्हणाली. संमतीच्या कागदावर सही न करता तिने तो घडी घालून पर्समध्ये ठेवला. 'करा ना, घाई नाही,' धाकटी म्हणाली. घाई होती. डॉक्टरांनी ठणका कमी करायला पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या आणि गोळ्यांनी नुसतं दबतं, बरं होत नाही, लवकर या, असं ओझरतं सांगितलं. पण खुर्चीत पुढचा माणूस बसलेला होता, आणि ओझरतं सांगितलेलं किती टिकतं हे धाकटीइतकं कुणाला माहीत नव्हतं. जाताना थोरली दारात वळली आणि म्हणाली, 'बरं झालं सगळं सांगितलंस.' त्या दुपारी धाकटीने डबा चाटूनपुसून खाल्ला. बाहेर फॉर्म भरून घेणाऱ्या मुलीला लिमलेटच्या गोळ्या दिल्या. आठवड्याने डॉक्टरांनी विचारलं, 'तुमच्या जाऊबाई आल्या नाहीत परत?' ती म्हणाली, 'घाबरल्या बहुतेक.' 'तुमच्याकडून घाबरून गेलेलं माणूस मी पहिल्यांदा बघतोय,' डॉक्टर म्हणाले आणि हातमोजे चढवायला लागले.

सहा आठवडे गेले. मध्ये कधीतरी थोरलीचा गाल आठवून तिला बरं वाटे. आत्ता ठणकत असेल. आत्ता जेवताना एका बाजूने चावत असेल. ऊन ऊन चहाचा कप हातात घेऊन उगाच बसली असेल. आपण स्वतः चहा पिताना ती एक घोट डाव्या बाजूला मुद्दाम खेळवी. मग एका संध्याकाळी नवरा भावाकडे जाऊन आला आणि बूट काढता काढता म्हणाला, 'वहिनीची दाढ आपोआप बरी झाली की गं. पंधरा दिवस ठणकली म्हणे, मग एक दिवस सकाळी उठून बघते तर गप्प. आता गरम, थंड, काही काही कळत नाही. हसत होती, म्हणाली, तुझ्या बायकोने मला पार यमाच्या दारात नेऊन सोडलं होतं.' धाकटी कणीक मळत होती. तिचे हात तसेच चालू राहिले. नवऱ्याला वाटलं तिने ऐकलं नाही, म्हणून त्याने पुन्हा सांगितलं.

गरम, थंड, काही कळत नाही. हेच तर त्या शेवटच्या तुकड्यात होतं. दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं समजू नका. नस मेली की दुखणं थांबतं. कीड थांबत नाही. आत पू साठत राहतो, मुळातून हाडात उतरतो, आणि जागा मिळेल तिकडे जातो. एवढं सांगून ती कधी कधी दवाखान्यात पूर्वी आलेल्या एका शिंप्याची गोष्ट, नाव न घेता, सांगे. त्यालाही साखर होती, आणि त्याचीही दाढ अशीच गप्प झाली होती. दोन महिन्यांनी आला तो मान सुजवून, हनुवटीखाली हाताला दगड लागावा तशी सूज, थुंकी गिळता येईना म्हणून तोंडाशी टॉवेल धरलेला. डॉक्टरांनी त्याला खुर्चीत बसवलं आणि लगेच उठवलं, स्वतःच्या गाडीतून मोठ्या हॉस्पिटलात नेलं. चौथ्या दिवशी त्याची बायको दवाखान्यात आली. खुर्चीपाशी यांचा चष्मा राहिला होता का, असं विचारत होती. चष्मा होता. धाकटीनेच तो रुमालात गुंडाळून तिच्या हातात दिला, आणि आता ते बरे आहेत ना हे विचारायला तोंड उघडलं तेव्हा त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघून न विचारताच मिटलं.

नऊ दिवस तिने ही गोष्ट एकटीने बाळगली. कुणाला सांगायची नाही, करायचं काहीच नाही, नुसतं रोजच्यासारखं उठायचं, कामाला जायचं, यायचं. विष घालायचं नाही, ढकलायचं नाही, हातही लावायचा नाही. चूप बसायचं फक्त. थोरलीने काय वेगळं केलं होतं? तीही एका फोनबद्दल चूप बसली होती, जेवणं होईपर्यंत. या सारखेपणाची तिला आधी गोडी वाटली, एखादी अवघड शिवण जुळून यावी तशी. जशास तसं. ती मनात थोरलीच्या घरी जमलेली माणसं बघे, मध्ये चटईवर थोरली, दीर भिंतीला टेकून बसलेले, आणि आपण कोपऱ्यात सगळ्यांना पाणी देतो आहोत. बस जरा, पाणी पी. त्या दृश्यात ती रोज थोडी भर घाली. दवाखान्यात मात्र तो शेवटचा तुकडा ती हल्ली इतक्या जोरात सांगायला लागली होती की माणसं खुर्चीत मागे सरकत. एका शाळामास्तरांना तिने तो तीनदा सांगितला, तेव्हा ते म्हणाले, 'बाई, मी करून घेणार आहे हो, माझ्यावर का रागावता?' त्या दिवशी घरी जाताना तिला पहिल्यांदा कसंतरी झालं. पश्चात्ताप म्हणावा तर तो नव्हता, ती स्वतःला चांगली ओळखून होती. चीड होती. चटईभोवतीचं दृश्य तिने पुन्हा पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं की त्यात सगळे होते, फक्त थोरलीला काही दिसत नव्हतं. माणसं म्हणत होती, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. आणि धाकटीही मान डोलावत होती.

रविवारी सकाळी भाजी आणते म्हणून ती बाहेर पडली आणि रिकामी पिशवी घेऊन थोरलीच्या दारात उभी राहिली. दीर फिरायला गेले होते. थोरली पलंगावर वाळलेले कपडे पसरून घड्या घालत बसली होती. 'तू? आज इकडे कुठे?' ती म्हणाली, आणि बोलताना तिचं तोंड पुरतं उघडलं नाही हे धाकटीने उभ्या उभ्या टिपलं. डाव्या जबड्याची कड भरल्यासारखी दिसत होती.

'वहिनी, जरा खिडकीपाशी या.'

'का गं?'

'या तर.'

उजेडात तिने दोन बोटं जबड्याखाली टेकवली. कातडी तापलेली होती, आणि खाली टणक. चौदा वर्षांत तिने थोरलीला हात लावला नव्हता. 'वजन वाढलंय माझं,' थोरली म्हणाली, 'हे म्हणतात, गाल आलेत.' धाकटीने विचारलं, 'गिळताना?' 'जरा जड वाटतं. कालपासून. गारठ्याने असेल.'

'गारठ्याने नाही. दाढ बरी झालेली नाही, नस मेली आहे, म्हणून दुखत नव्हती. आत पू झालाय आणि तो खाली उतरतोय. आत्ता चला. मी डॉक्टरांना फोन करते, रविवार असला तरी येतील. त्यांना जमण्यासारखं नसेल तर तिथून थेट मोठ्या हॉस्पिटलात जायचं.'

थोरली परत पलंगावर जाऊन बसली. एक टॉवेल उचलून तिने त्याची उभी घडी केली, मग आडवी. 'तेव्हा म्हणाली होतीस, ओठ बधिर राहतो. आत कानस तुटून राहते.'

'ते खरं होतं.'

'होतंच. खालच्या मजल्यावरची बाई तुमच्याकडेच दाढ करून गेली दोन वर्षांपूर्वी. तिला विचारलं मी, तुला काय काय सांगितलं होतं. म्हणाली, त्या बाईंनी इतकं गोड समजावलं की खुर्चीत बसले नि मला हसू येत होतं.' टॉवेल बाजूला ठेवून थोरलीने सदरा उचलला. 'मग मी ओळखलं.'

'काय ओळखलं?'

'अकरा दहाचा फोन,' थोरली म्हणाली.

धाकटी उभीच होती. तिला वाटत आलं होतं की ती वेळ जगात आपल्या एकटीलाच माहीत आहे. थोरलीने तो आकडा असा सहज उच्चारला की धाकटीच्या हातातली पिशवी गळून खाली पडली आणि ती उचलायचं तिला सुचलं नाही. म्हणजे हिलाही आठवत होतं. नळ सोडताना, जिना चढताना, हिच्याही डोक्यात ते वाजत होतं की काय, आणि तरी ही चौदा वर्षं तोंडाला कुलूप लावून बसली.

'ओळखलं तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचं होतं,' धाकटी म्हणाली.

'जाणार होते. तेवढ्यात थांबली दुखायची. म्हटलं, पंधरा दिवस भोगलं ना, चला, फिटलं.'

'फिटलं? आई दाराकडे बघत होती हो माझी. पाऊण तास. तो एका दाढेत फिटला?'

थोरली सदऱ्याची बटणं एकेक करून लावत होती, वरून खाली, आणि तिसऱ्या बटणाशी तिची बोटं अडकली. तिने दोनदा आवंढा गिळायचा प्रयत्न केला, तो गिळताना तिचा चेहरा आकसला हे धाकटीने पाहिलं आणि शिंप्याच्या तोंडाशी धरलेला टॉवेल तिच्या डोळ्यांपुढे आला. 'एक सांग,' थोरली म्हणाली. 'तेव्हाही तू खरं बोललीस, ते मला घाबरवायला. आज खरं बोलतेयस ते कशासाठी? मला कसं कळावं?'

याची उत्तरं तिच्याजवळ तयार होती, येताना रस्त्याने तिने ती जुळवली होती. माझं कामच आहे ते. शेवटी आपण घरचीच माणसं. माझं चुकलं. एकेक उत्तर तिने मनात उचलून बघितलं आणि तिला ती सगळी फोनच्या दिवशी प्यायलेल्या त्या पाण्याच्या ग्लासासारखी वाटली, वरून थंडगार. समोरची बाई जाणून होती. या बाईला फसवता येण्यासारखं नव्हतं, आणि वेळ जात होता, जबड्याखालचा तो टणक भाग थांबून राहणारा नव्हता.

'तुमच्यासाठी नाही,' ती म्हणाली. 'तुमचं मला काही वाटत नाही. पण तुम्ही गेलात तर मी कुणावर चिडू? सगळे मलाच गप्प बसवतील, म्हणतील जाऊ दे, गेली बिचारी. मला तुम्ही बिचाऱ्या व्हायला नको आहात. तुम्ही धडधाकट हव्यात, या पलंगावर बसलेल्या हव्यात. म्हणजे कधीतरी माझ्यासमोर बसून तुम्हाला म्हणावं लागेल, काय झालं होतं ते. ते म्हटल्याशिवाय तुम्हाला मी मरू देणार नाही.'

बोलून झाल्यावर तिला धाप लागली होती. थोरलीने अर्धवट बटणं लावलेला सदरा ढिगावर टाकला, गुडघ्यावर हात टेकून उठली, आणि कोपऱ्यातल्या चपला पायाने ओढून घेतल्या.

'हे पटलं,' ती म्हणाली. 'चल.'

धाकटीने डॉक्टरांना फोन लावला, साखर आहे, सूज मानेकडे आहे, गिळायला जड आहे, एवढं एका दमात सांगितलं. ते म्हणाले, वीस मिनिटांत पोचतो, आणा. थोरलीने दाराला कुलूप घातलं, किल्ली शेजारी दिली. जिना अरुंद होता. दोन मजले उतरायचे होते. पहिल्या वळणावर थोरली कठड्याला धरून थांबली, वर आपल्या दाराकडे पाहिलं, आणि लहान आवाजात विचारलं, 'दुखेल?'

पू झालेल्या ठिकाणी भूल पुरती चढत नाही. हेही ती लोकांना सांगत असे, पण फार सांभाळून, आजूबाजूला चार गोड शब्द पेरून.

'दुखेल,' धाकटी म्हणाली, आणि थोरली मागे फिरू नये म्हणून तिचा दंड घट्ट धरून तिला पुढच्या पायरीवर उतरवलं.